'परवडत नाही' हे मराठीत कसे लिहावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजीत मराठी मजकूर तपासायचे काम करताना बातमीदार, जाहिराती लिहिणारे, भाषांतरकार आणि शाळांतले शिक्षक काही प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांतले पैशाच्या ओढाताणीचे प्रश्न इथे एका जागी आणले आहेत. उत्तरांत माझी मते आहेत आणि ती लपवलेली नाहीत.

खर्च परवडणार नाही इतका जास्त आहे, हे सांगणारे एकच नेमके विशेषण आहे का?

एकच हवे असेल तर 'आवाक्याबाहेरचा' घ्या. पण त्याआधी एक ठरवा: तुमची तक्रार कुणाबद्दल आहे? मराठीतले हे शब्द एका रांगेत उभे असल्यासारखे दिसतात, पण प्रत्येकाचे बोट वेगळ्या दिशेला असते.

'महाग' म्हटले की बोट वस्तूकडे जाते. 'अवाजवी' किंवा 'अवाच्या सवा' म्हटले की ते पैसे मागणाऱ्याकडे वळते, आणि त्यात आरोप असतो. 'भरमसाट' नुसत्या आकड्याकडे पाहतो. 'आवाक्याबाहेरचा', 'न परवडणारा', 'न झेपणारा' हे शब्द देणाऱ्याच्या खिशाबद्दल बोलतात, मागणाऱ्याला दोष देत नाहीत.

उदाहरण टॅक्सीचेच घेऊ. मोपाचा विमानतळ पेडणे तालुक्यात, म्हणजे राज्याच्या उत्तर टोकाला. काणकोण दक्षिण टोकाला. मोपाहून काणकोणला टॅक्सीने जायचे तर अख्खा गोवा पार करावा लागतो. हा प्रवास खर्चीक आहे, कारण अंतरच तेवढे आहे. मागितलेले भाडे ठरलेल्या दरापेक्षा जास्त असेल तरच ते अवाजवी. आणि दर नियमात असो वा नसो, चार माणसांच्या कुटुंबाला ते देणे जमत नसेल, तर ते त्यांच्या आवाक्याबाहेरचे. तिन्ही वाक्ये एकाच पावतीबद्दल खरी असू शकतात, पण बातमीत एकाच्या जागी दुसरे टाकले तर बातमीच बदलते. टॅक्सीवाले दुसऱ्या दिवशी कार्यालयात येतात ते बहुधा ह्याच कारणाने.

'किंमत महाग आहे' हे चूक का?

महाग असते ती वस्तू. किंमत जास्त असते, चढी असते, भारी असते. 'नारळ महाग झाले' बरोबर, 'नारळाचे दर वाढले' बरोबर, 'नारळाचे दर महाग झाले' हा घोटाळा. हीच गोष्ट 'स्वस्त'ची. 'स्वस्त किमतीत फ्लॅट' अशी जाहिरात पर्वरीपासून फोंड्यापर्यंत फलकांवर दिसते. फ्लॅट स्वस्त असेल, किंमत कमी असेल. (असतो असे नाही, पण व्याकरणापुरते बोलू.)

बोलताना हे सगळेच म्हणतात आणि समोरच्याला कळतेही, म्हणून बोलण्यात मी कुणाला अडवत नाही. छापताना मात्र दुरुस्त करतो. 'महाग' हा संस्कृत 'महार्घ'वरून आलेला शब्द. 'अर्घ' म्हणजे मोल, तेव्हा 'महाग' म्हणजे मोठ्या मोलाचा. 'किंमत महाग' लिहिले की मोलाचे मोल मोठे झाले.

आणि 'किंमत'चे सामान्यरूप करताना अनुस्वार जातो: किंमत, पण किमतीला, किमतीत, किमती. गंमत, गमतीने तसेच. जाहिरातवाले हा अनुस्वार फार जपतात.

'महाग' आणि 'महागडा' ह्यांत फरक आहे का?

व्याकरणात आहे, अर्थातही आहे. 'महाग' बदलत नाही: महाग गाडी, महाग घर, महाग कपडे. 'महागडा' लिंगवचनाप्रमाणे चालतो: महागडा फोन, महागडी शाळा, महागडे हॉटेल.

अर्थाचा फरक बारीक आहे. 'महाग' काल स्वस्त असलेल्या वस्तूलाही लागतो. कांदा महाग होतो, महागडा होत नाही. 'महागडे' ते, जे मुळातच वरच्या दराचे असते आणि ज्याच्या दरात थोडा तोराही असतो. पाण्याकाठचे हॉटेल महागडे असू शकते, टोमॅटो नाही. 'महागामोलाचा' हा आणखी वेगळा. त्यात तक्रार नाही, जपणूक आहे. आजीची महागामोलाची पैठणी कपाटात असते आणि ती किती रुपयांची हे कुणी विचारत नाही.

'मी हे परवडू शकत नाही' असे का लिहू नये?

कारण मराठीत माणूस परवडत नाही. वस्तू माणसाला परवडते. 'मला हे घर परवडत नाही', 'आम्हांला एवढा हप्ता परवडणार नाही', 'त्यांना दोन मुलांची फी परवडेनाशी झाली'. कर्ता ते घर, तो हप्ता, ती फी. माणूस '-ला' लावून बाजूला बसतो. आवडणे, सुचणे, जमणे ही क्रियापदे अशीच चालतात. 'मी आंबा आवडतो' कुणी लिहीत नाही. मग 'मी घर परवडतो' तरी का?

ही चूक भाषांतरित मजकुरात जास्त. बँकेच्या माहितीपत्रकात 'आपण परवडू शकाल असा हप्ता' असते, ते 'आपल्याला परवडेल असा हप्ता' करायचे. एक शब्द वाचतो आणि वाक्य माणसात येते.

'परवडणे' हे फक्त गिऱ्हाइकाचे क्रियापद नाही, हे मात्र बाहेरून मराठी शिकणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. बाजारात ते टोपलीच्या दोन्ही बाजूंना चालते. घेणारी म्हणते, 'एवढ्याला मला परवडत नाही', आणि विकणारीही म्हणते, 'तेवढ्याला मला परवडत नाही'. पहिलीचा पैसा पुरत नाही, दुसरीचा नफा उरत नाही. म्हणून 'मच्छीमारांना परवडत नाही' असे नुसते शीर्षक आले की मी बातमीदाराला विचारतो: काय परवडत नाही? डिझेल घेणे, की ह्या भावात मासळी विकणे?

शिवाय ह्या क्रियापदाला पैशापलीकडचाही एक अर्थ आहे. 'ह्या उकाड्यापेक्षा पाऊस परवडला', 'त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा गप्प बसणे परवडते'. इथे रुपयाचा संबंध नाही, त्यातल्या त्यात सोसवेल असे ते. मे महिन्यात गोव्यात पहिले वाक्य रोज कानांवर पडते.

'न परवडणारा' की 'अपरवडणारा'?

'न परवडणारा'. 'अपरवडणारा' असा शब्द नाही, करूही नये.

'परवडणारी घरे' हा शब्दप्रयोग बरोबर आहे का?

रचना बरोबर आहे, अर्थ अर्धा आहे. परवडणारी कुणाला? सरकारी योजनेत उत्पन्नाच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, तेव्हा 'कुणाला' हे तिथे ठरलेले असते. बिल्डरच्या जाहिरातीत ते गाळलेले असते, आणि त्यात त्याचा काही विसरभोळेपणा नसतो. दिल्ली-मुंबईच्या माणसाला सुट्टीचे दुसरे घर म्हणून जे परवडते, ते इथल्या शाळामास्तरला पहिले घर म्हणूनही परवडत नाही, आणि दोघांपुढे एकच जाहिरात असते. बातमीत लिहायचे असेल तर 'अल्प उत्पन्न गटाला परवडणारी घरे' असे पुरते लिहा. जागा नसेल तर 'कमी किमतीची घरे' लिहा आणि किंमत छापा, परवडते की नाही ते वाचक ठरवील.

अवाच्या सवा, अवाजवी, भरमसाट: कोणता कधी?

'अवाजवी' सर्वांत जपून वापरायचा. अरबी 'वाजिब'वरून मराठीत 'वाजवी' आला, म्हणजे योग्य, रास्त. 'अवाजवी' म्हणजे अन्याय्य. हा निवाडा आहे. बिल पाहून रुग्णाचा मुलगा म्हणाला, 'अवाजवी आहे', तर ते त्याच्या तोंडी घालून छापा. बातमीदाराने स्वतःच्या वाक्यात लिहायचे तर हातात दरपत्रक हवे.

'अवाच्या सवा' (काही जण 'अव्वाच्या सव्वा' लिहितात, दोन्ही दिसतात) बोलीतला आहे, जोर जास्त, पुरावा कमी. ह्याचे रूप बदलत नाही: अवाच्या सवा दर, अवाच्या सवा भाडे, अवाच्या सवा किमती. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किनाऱ्यावरच्या खोल्यांबद्दल हा शब्द चपखल बसतो. पत्रात, अर्जात तो नको.

'भरमसाट'मध्ये आरोप नाही, फक्त ढीग आहे. भरमसाट खर्च, भरमसाट वीजबिल, भरमसाट फी. अखेरचे अक्षर 'ट'. 'भरमसाठ' इतके रुळले आहे की 'ट' लिहिला तर वाचक चूक काढतात. काढू द्यात.

ह्याच घरातला 'दामदुप्पट'. आज आपण 'दामदुपटीने विकले' म्हणजे दुप्पट पैसे उकळले असे म्हणतो. मुळात ही हिंदू कायद्यातली कर्जदाराला वाचवणारी मर्यादा होती: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. कुळाच्या बाजूचा शब्द सावकाराच्या ताटात जाऊन बसला. आता तो परत ओढता येणार नाही.

इंग्रजीतल्या 'प्रोहिबिटिव्ह'साठी 'प्रतिबंधात्मक' चालेल का?

किमतीबद्दल असेल तर नाही. हा प्रश्न भाषांतरकार सर्वांत जास्त विचारतात, म्हणून जरा सविस्तर.

'उपचारांचा प्रतिबंधात्मक खर्च' हे वाक्य मराठी वाचकासमोर ठेवा. तो काय समजेल? हिवताप होऊ नये म्हणून फवारणीवर केलेला खर्च. कारण 'प्रतिबंधात्मक' हा शब्द लस, फवारणी आणि पोलिसांची कारवाई ह्यांनी कधीच अडवून ठेवलेला आहे. खर्चच आडवा येतो, खर्चामुळेच माणूस मागे फिरतो, हा अर्थ त्यातून निघत नाही. 'निषेधात्मक किंमत' तर त्याहून वाईट. त्यात कुणीतरी काळे झेंडे घेऊन उभे असल्यासारखे वाटते.

इंग्रजी शब्दाच्या पोटात दोन गोष्टी आहेत: किंमत फार आहे, आणि म्हणून माणसाने तो नाद सोडला. मराठीत हे दोन्ही एका विशेषणात कोंबायचा हट्ट कशाला? मराठी हे काम क्रियापदाने सहज करते. 'खर्चाचा आकडा ऐकून त्यांनी शस्त्रक्रियेचा विचार सोडला.' 'भाड्यामुळे पणजीत दुकान घ्यायचे राहून गेले.' 'दर असे की नाव काढायची सोय नाही.' विशेषणच पाहिजे असेल तर 'आवाक्याबाहेरचा' आहे, आणि थोडा जोर हवा तर 'विचारही करू नये असा'.

सावध राहायची एक जागा आहे. 'विचार सोडला' असे लिहिले की कुणीतरी खरोखर सोडला असे तुम्ही सांगता. मूळ मजकुरात नुसती शक्यता असेल तर 'सोडावा लागेल' लिहा.

अपवाद एकच. सरकार मुद्दामच एवढा कर लावते की लोकांनी ती वस्तू घेऊ नये, किंवा आयात थांबावी. तिथे अडवणे हाच हेतू असतो. तिथे 'प्रतिबंधक जकात' म्हणता येईल, कारण जकात खरोखर प्रतिबंधासाठीच आहे. तंबाखूवरच्या कराबद्दल मी 'मागणीला लगाम घालणारा कर' असे लिहीन.

बाजारात ह्यांतला कुठला शब्द वापरतात?

जवळजवळ कुठलाच नाही. म्हापशाला शुक्रवारी बाजारात जाऊन उभे राहा. मानकुरादचा हंगाम नुकता सुरू झालेला असतो आणि डझनाचा भाव वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आलेला असतो. टोपलीत गवतावर आंबे लावलेले, देठ वर, पिवळे बाहेरच्या बाजूला, हिरवट मधे. गिऱ्हाईक बाई एक उचलते, देठाशी नाकाला लावते, भाव विचारते. भाव ऐकल्यावर आंबा जिथून घेतला तिथेच ठेवते, पण हात टोपलीवरून काढत नाही.

'म्हारग जालें गो बाये. मातशें उणें कर.'

'परवडना गो,' विकणारी म्हणते.

मग बाई दोन पावले पुढे जाते. खरी बोलणी इथून सुरू होतात. 'यो यो, कितलें दितली तें सांग.' ह्या सगळ्यात विशेषण एकच, 'म्हारग', बाकीचे काम हाताने आणि पावलांनी झाले. हीच बाई घरी मराठी बोलणारी असेल आणि विकणारी सावंतवाडीकडून आलेली असेल, तर तेच 'जास्त होतंय हो मावशी, थोडं कमी करा ना' होते. कोकणीत 'तूं', मराठीत 'तुम्ही', भांडण तेवढेच.

'हे अवाजवी आहे' असे बाजारात म्हणून पाहा. मावशी हसतील तरी किंवा टोपली झाकतील तरी. भाव करताना वस्तूला महाग म्हणायची मुभा असते. विकणाऱ्याला लबाड म्हटले की सौदा संपला.

'म्हारग', 'सवाय', 'मोल' हे शब्द गोव्यातल्या मराठी लेखनात चालतील का?

'म्हारग' हे 'महार्घ'चेच कोकणी रूप, म्हणजे 'महाग'चे सख्खे भावंड. 'सवाय' म्हणजे स्वस्त. संवादात, ललित लेखात, बाजाराच्या वर्णनात जरूर घ्या, अर्थ लगेच कळतो. बातमीच्या निवेदनात नको, कारण तोच अंक बेळगावला आणि सिंधुदुर्गातही कुणीतरी वाचत असतो.

'मोल'कडे लक्ष द्या. कोकणीत ते रोजचे आहे, 'मोलां वाडलीं' म्हणजे भाव वाढले. मराठीत 'मोल' एक पायरी वर गेले आहे. मोलाचा सल्ला, मोलाची मदत. किंवा एकदम खाली: मोलमजुरी, मोलकरीण. मधल्या पायरीवर, म्हणजे कांद्याच्या दरासाठी, मराठीत ते आता बसत नाही. 'कांद्याचे मोल वाढले' लिहिले तर कांद्याचा सत्कार झाल्यासारखे वाटते.

मासळी महागल्याच्या बातमीत 'भाव गगनाला भिडले' लिहावे का?

मी कापतो. गगनाला भिडलेले भाव पुढच्या आठवड्यात आणखी वाढले तर कुठे जाणार? 'भाव कडाडले', 'महागाईने कंबरडे मोडले' हेही तसेच झिजलेले आहेत.

दर द्या. आजचा आणि गेल्या आठवड्याचा, त्याच बाजारातला, त्याच माशाचा. त्यापुढे विशेषण लागत नाही. कारणही द्या, कारण गोव्यात ते बहुतेक वेळा माहीत असते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या 61 दिवसांत पुरवठा मुख्यतः बाहेरून येणाऱ्या आणि नदीखाडीच्या मासळीचा. तेव्हा इसवण (घाटावरच्या वाचकाची सुरमई) महाग असणे ही बातमी नाही, ऋतू आहे. ऑगस्ट उलटून होड्या गेल्या आणि तरीही बांगडा उतरला नाही, तर ती बातमी. तिथे 'बांगडाही आवाक्याबाहेर' हे शीर्षक शोभेल, कारण गोव्यात बांगडा हा गरिबाच्या ताटातला मासा, आणि 'ही' ह्या एका अक्षरात सगळे आले.

चतुर्थीच्या आधी माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीच्या) सामानाचे असेच. त्यात रानातली फळे असतात, पूर्वी लोक स्वतः रानात जाऊन आणत. आता ती बाजारात विकत मिळतात आणि भाव ऐकून तोंडात बोट जाते. तिथे मी 'महागडे' कापून 'महाग' करतो. वर सांगितलेलेच कारण.

आपल्याला झेपत नाही हे सभ्यपणे कसे सांगावे?

'झेपत नाही' असेच. हा फार कामाचा शब्द आहे. त्यात लाचारी नाही आणि समोरच्यावर आरोपही नाही. लग्नाच्या हॉलवाल्याने दर सांगितला, तर 'अहो, एवढं आम्हांला झेपणार नाही' म्हटले की तोही मोकळा आणि आपणही मोकळे. 'जमणार नाही' त्याहून गुळगुळीत, त्यात पैशाचे नावही निघत नाही. शहरातली तरुण मंडळी 'बजेटमध्ये बसत नाही' म्हणतात. तेही चालते, फक्त ज्याचे बजेट कधी केलेलेच नसते असा माणूस ते म्हणाला की गंमत वाटते.

'ऐपत' जपून. 'आमची तेवढी ऐपत नाही' असे स्वतःबद्दल म्हणता येते, त्यात थोडा मानही असतो. दुसऱ्याबद्दल 'त्यांची ऐपत नाही' म्हटले की ते त्यांच्या कानावर गेल्याशिवाय राहत नाही. गोव्यात तर नाहीच राहत. सोयरिकी मोडतात अशाने. बातमीतही 'ऐपत नसलेले पालक' लिहू नका. 'फी न परवडणारे पालक' लिहा, म्हणजे दोष फीच्या अंगावर राहतो.

'डोईजड' हा कर्जासाठी चांगला: डोईजड हप्ता, डोईजड व्याज. माणसाबद्दल वापरला की अर्थ फिरतो. 'जावई डोईजड झाला' म्हणजे तो महाग पडला असे नव्हे, तो आता कुणाला जुमानत नाही.

'खर्चीक' आणि 'वारेमाप'?

'खर्चीक' वस्तूलाही लागतो आणि माणसालाही. खर्चीक उपचार, खर्चीक स्वभाव. वाक्यात घोटाळा होत नाही ना, एवढे पाहा. 'खर्चीक नवरा' म्हणजे उधळ्या, हुंड्याचा दर नव्हे. 'वारेमाप' खर्चाला लावा, किमतीला नको. जो हात सैल सोडून केला तो खर्च वारेमाप. किंमत कुणीतरी मोजूनच लावलेली असते.

'महाग पडले' आणि 'महागात पडले' एकच का?

नाही. 'रिक्षापेक्षा टॅक्सी महाग पडली' हा पैशांचा हिशेब. 'थट्टा महागात पडली' हा भोगाचा. 'हॉटेल महागात पडले' लिहिले की वाचक पोट बिघडल्याची बातमी शोधू लागतो.

ह्या विषयावरची एखादी म्हण?

'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.' मूळ वस्तू स्वस्त आणि वरचा खर्च भारी, तिथे हिच्या तोडीचे दुसरे काही नाही. स्वस्तात फ्लॅट घेतला आणि पार्किंग, सोसायटी, नोंदणी ह्यांत माणूस आडवा झाला, की लिहा. आणे जाऊन जमाना झाला तरी म्हणीत रुपये घालू नका, चव जाते.

शाळेला किंवा सरकारी कार्यालयाला अर्ज करताना काय लिहावे?

आधी एक शंका मिटवू, कारण ती दर वेळी येते: मराठीत अर्ज केला तर चालतो का? 1987च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी ही गोव्याची राजभाषा आहे, आणि त्याच कायद्यात शासकीय कामासाठी मराठीच्या वापराची तरतूद आहे. तेव्हा बिनधास्त लिहा.

अर्जात 'अवाच्या सवा', 'जीवघेणी', 'लूट' हे शब्द नकोत. साहेबाला त्यावर शेरा मारता येत नाही. त्याला आकडा लागतो. फी वाढली असेल तर जुनी किती, नवी किती, घरात येणारे उत्पन्न किती, एवढे लिहून मग विशेषण एकदाच वापरा:

'गेल्या वर्षीच्या तुलनेत झालेली ही फीवाढ माझ्या उत्पन्नाच्या मानाने न झेपणारी आहे. तरी फी हप्त्याहप्त्याने भरण्याची मुभा द्यावी, ही विनंती.'

वाढच नियमाबाहेरची आहे असे म्हणायचे असेल, तर 'अवाजवी' इथे वापरा, पण त्याच वाक्यात नियम कोणता ते लिहा. दोन्ही तक्रारी एका अर्जात घालू नका. 'फी अवाजवी आहे' म्हणणारा हक्क मागतो, 'फी झेपत नाही' म्हणणारा सवलत मागतो. कारकून दोन्ही वाचतो आणि त्यातल्या सोप्या मागणीवर उत्तर देतो. हक्काचे मग राहून जाते.